सर्दीची गोळी आणि हृदयाचे ठोके

सोलापुरात शिंकांना मोसम लागत नाही. पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात, तिथे तंबाखूची भुकटी हवेतच असते. यंत्रमागाच्या कारखान्यात सुताचे तंतू नाकातोंडात जातात. पाऊस सरला की मोकळ्या प्लॉटवर काँग्रेस गवत माजतं आणि अंगाला खाज सुटते. त्यामुळे औषधाच्या दुकानात माझ्यासमोर रोज येणारी मागणी ठरलेली असते: "ताई, सर्दीची एक गोळी द्या", "खाजेची द्या, ती झोप न येणारी." गोळीचं नाव क्वचितच कुणी सांगतं. ज्यांच्या घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे ते पैसे देता देता विचारतात, "हार्ट पेशंटला चालते ना ही?"

या प्रश्नाला सरसकट 'हो' किंवा 'नाही' म्हणणं मला पटत नाही. अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांचा गट एकच असला तरी हृदयाच्या बाबतीत त्यातल्या काही चांगल्या निर्धोक आहेत, काही जपून वापराव्या लागतात, आणि दोन औषधं तर माणसं दगावल्यामुळे बाजारातून काढून घ्यावी लागली. गोळी कुठली, किती, आणि तिच्यासोबत आणखी काय पोटात जातंय, यावर सगळं अवलंबून असतं. माझ्या मते शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लक्ष मात्र तिच्याकडेच सगळ्यात कमी दिलं जातं.

आधी औषध काय करतं ते थोडक्यात. हिस्टामिन हा आपल्याच शरीरात तयार होणारा पदार्थ आहे. धूळ किंवा परागकण शरीराला खटकले की तो पेशींतून बाहेर पडतो, ठरावीक जागी जाऊन चिकटतो, आणि मग शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं, अंगावर गांधी उठणं सुरू होतं. अँटिहिस्टामिन औषध ती चिकटण्याची जागा आधीच अडवून बसतं. या शोधकामासाठी डॅनियल बोव्हे यांना 1957 मध्ये नोबेल मिळालं. पहिल्या पिढीतली औषधं, म्हणजे क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन ही मेंदूत शिरतात, म्हणून गुंगी येते. दुसऱ्या पिढीतली सिट्रिझिन, लेव्होसिट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही मेंदूत कमी जातात, त्यामुळे त्यांनी झोप कमी येते किंवा जवळपास येतच नाही.

आता हृदय. यातली काही औषधं हृदयाचे ठोके बिघडवतात, पण त्याचा हिस्टामिनशी जवळजवळ काही संबंध नाही. हृदयाच्या पेशींच्या आवरणात बारीक वाटा असतात, त्यांतून सोडियम, कॅल्शियम आणि पोटॅशियमचे भारित कण आत-बाहेर करतात. आधी सोडियम झपकन आत येतं, मागोमाग कॅल्शियम येतं, आणि हृदय आकुंचन पावतं. मग पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुन्हा पूर्ववत होऊन पुढच्या ठोक्याला तयार होते. पोटॅशियम बाहेर जाण्याच्या एका महत्त्वाच्या वाटेला हर्ग म्हणतात. तिची रचना अशी आहे की भलत्याच कामासाठी बनवलेल्या औषधाचा रेणूही तिच्यात जाऊन अडकू शकतो. काही अ‍ॅलर्जीची औषधं, काही प्रतिजैविकं, काही उलटीची औषधं, काही मानसोपचारातली औषधं ही सगळी याच एका वाटेत अडकतात.

वाट अडली की पेशी पूर्ववत व्हायला उशीर होतो. हा उशीर धोकादायक का, ते आपल्याकडच्या यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला लगेच कळेल. धोटा पलीकडच्या पेटीत पोचायच्या आत फणी पुढे आली तर तो ताण्यातच अडकतो आणि एका फटक्यात ढीगभर धागे तुटतात. हृदयातही मागच्या ठोक्याचं आवरतं घेणं पूर्ण होण्याआधी एखादा आगंतुक ठोका पडला की सगळी लय विस्कटते. खालचे कप्पे इतक्या वेगाने फडफडू लागतात की रक्त पुढे ढकललंच जात नाही. या विशिष्ट बिघाडाला टॉर्साड द प्वाँत म्हणतात. फ्रेंच डॉक्टर फ्रांस्वा देसर्तेन यांनी 1966 मध्ये त्याचं वर्णन केलं. तो कधी काही सेकंदांत आपोआप थांबतो आणि माणूस नुसती घेरी येऊन पडतो. थांबला नाही तर जीव जातो.

हा उशीर ईसीजीच्या कागदावर मोजता येतो. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर वेगाने सरकतो, म्हणजे एक बारीक चौकोन 40 मिलिसेकंदांचा. ठोक्याच्या टोकदार शिखराआधी एक छोटीशी खालची उतरण असते, ती क्यू. शिखर ओलांडलं की थोडी सपाट रेघ आणि मग एक बुटका गोलसर उंचवटा येतो, तो टी. क्यूच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंतच्या अंतराला क्यूटी म्हणतात. नाडीच्या वेगाप्रमाणे ते कमीजास्त होतं, म्हणून हिशेब करून दुरुस्त आकडा काढतात. पुरुषांत साधारण 450 आणि बायकांत 460 मिलिसेकंदांपर्यंत तो ठीक समजला जातो. 500 च्या वर, म्हणजे मिनिटाला साठ ठोके असताना साडेबारा चौकोनांच्या पुढे गेला की डॉक्टर सावध होतात. यंत्र हा आकडा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात छापूनच देतं. घरी जुना ईसीजी असेल तर काढून बघा, दिसेल. मात्र त्यावरून स्वतःच निष्कर्ष काढू नका. टी कुठे संपतो हे ठरवताना यंत्रही चुकतं.

हे सगळं जगाच्या लक्षात आलं ते टर्फेनाडिन या औषधामुळे. 1985 मध्ये अमेरिकेत ते सेल्डेन या नावाने आलं. झोप न आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी म्हणून तिचं केवढं कौतुक झालं. मग 1990 मध्ये डॉक्टरांनी एका 39 वर्षांच्या बाईची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. ती टर्फेनाडिन घेत होती, आणि सोबत तिने बुरशीच्या संसर्गासाठी किटोकोनाझोल सुरू केलं होतं. तिला घेरी येऊ लागली. तपासणीत क्यूटी लांबलेला आणि लय तीच, टॉर्साडची. तिचा डोस काही भरमसाट नव्हता.

खरा घोटाळा यकृतात होता. टर्फेनाडिन गिळलं की यकृतातलं एक विकर त्याचं जवळजवळ सगळं रूपांतर दुसऱ्याच पदार्थात करून टाकतं, आणि अ‍ॅलर्जीवरचं काम तो दुसरा पदार्थ करतो. मूळ टर्फेनाडिन रक्तात नावापुरतं उरतं, म्हणून एरवी काही होत नाही. किटोकोनाझोल त्या विकरालाच अडवतं. इरिथ्रोमायसिनही अडवतं, आणि पपनसासारखं जे ग्रेपफ्रूट परदेशात खातात त्याचा रसही. मग मूळ औषध रक्तात साचत जातं आणि थेट हर्गच्या वाटेत जाऊन बसतं. पुढे सोपा मार्ग निघाला: रूपांतर होऊन जो पदार्थ बनतो तोच गोळी म्हणून द्यायचा. त्याचंच नाव फेक्सोफेनाडिन. 1996 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, आणि 1998 पर्यंत टर्फेनाडिन तिथल्या बाजारातून गेलं. तसंच वागणारं अ‍ॅस्टेमिझोल 1999 मध्ये गेलं. भारतात 2003 मध्ये दोन्हींवर बंदी आली. नव्या औषधाचा हर्गवर काय परिणाम होतो हे आधी तपासायची पद्धत जगभर रूढ झाली, 2005 मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही आली, त्यामागे हा इतिहास आहे. 'झोप न येणारी गोळी म्हणजे हृदयाला वाईट' असं काही ज्येष्ठ मंडळी अजून म्हणतात. त्या काळच्या दोन औषधांपुरतं ते खरं होतं. आज त्याच कारणाने फेक्सोफेनाडिनला घाबरायची गरज नाही.

आज दुकानात मिळणाऱ्या औषधांत मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हायड्रॉक्सिझिनबद्दल. अटॅरॅक्स म्हटलं की बहुतेकांना ओळख पटेल. खाज, पित्त उठणं, कधी नुसती बेचैनी, सगळ्याला ती दिली जाते आणि गुणही येतो. पण ती क्यूटी लांबवू शकते. 2015 मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने मर्यादा घातली: मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त 100 मिलिग्रॅम, म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊच नये, द्यावीच लागली तर 50 च्या वर नको. आता हिशेब करा. 25 मिलिग्रॅमची गोळी सकाळ-दुपार-संध्याकाळ घेतली की 75 होतात. घरातल्या सूनबाईला डॉक्टरांनी तीन वेळा लिहून दिलेली गोळी, खाज सारखीच दिसते म्हणून सत्तरीतल्या सासूबाईंनी तशीच घेतली, तर मर्यादा ओलांडली गेली. असं घरोघरी होतं. आमच्याकडे गोळी संपल्यावर पाकीट दाखवून "हीच द्या" म्हणतात, आणि "कोणाला आहे?" असं विचारलं की पुष्कळदा निराळाच माणूस निघतो.

गंमत वाटेल, पण हायड्रॉक्सिझिनचंही शरीरात रूपांतर होतं आणि त्यातून तयार होतं ते आपलं नेहमीचं सिट्रिझिन. मूळ औषध जपून वापरायला हवं आणि त्यातून निघालेलं निवांत, हे टर्फेनाडिनसारखंच झालं. सिट्रिझिन, लेव्होसिट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही नेहमीच्या डोसमध्ये क्यूटीवर लक्षात येण्याजोगा परिणाम करत नाहीत. बायपास झालेल्या, ठोके अनियमित असलेल्या माणसाला अ‍ॅलर्जी झाली तर डॉक्टर बहुधा यातलंच एखादं निवडतात. मूत्रपिंड अशक्त असेल तर सिट्रिझिनचा डोस कमी करावा लागतो, एवढं ध्यानात ठेवा. इबास्टिनही दुसऱ्या पिढीतलंच, पण क्यूटी आधीच लांबलेला असेल किंवा सोबत किटोकोनाझोल, इरिथ्रोमायसिन चालू असेल तर ते जपून द्यायचं असतं.

डायफेनहायड्रामाइनचा प्रश्न निराळा. योग्य डोसमध्ये ते बहुतेकांना सोसतं, अतिरेक झाला तर मात्र ते सोडियमची वाटही अडवतं, नाडी धावते, झटके येतात, लय बिघडते. समाजमाध्यमांवरच्या एका आव्हानापायी अमेरिकेत किशोरवयीन मुलांनी या गोळ्या मूठमूठ खाल्ल्या, काही दवाखान्यात पोचली, मृत्यूच्याही बातम्या आल्या, आणि 2020 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. शिवाय हे औषध मेटोप्रोलॉलचं विघटन मंदावतं. ठोके आटोक्यात ठेवायला मेटोप्रोलॉल घेणाऱ्याची नाडी त्यामुळे नको तितकी मंद होऊ शकते.

आणि आता ती प्रसिद्ध सर्दीची गोळी. पाकीट उलटं करून चंदेरी बाजूवरची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक वेळा तिथे एक नाही, तीन-चार नावं असतात: पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाइन, फेनिलएफ्रिन, कधी कॅफिन. अ‍ॅलर्जीचं औषध त्यातलं फक्त क्लोरफेनिरामाइन. फेनिलएफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं आणि रक्तदाब वाढवू शकतं. कॅफिनने आणि क्लोरफेनिरामाइननेही धडधड होऊ शकते. 'सर्दीची गोळी घेतली आणि छातीत धडधडलं' ही तक्रार बऱ्याचदा या मिश्रणाची असते, अ‍ॅलर्जीच्या औषधाच्या हर्गवरच्या परिणामाची नसते. पोटातून घेतलेल्या फेनिलएफ्रिनने चोंदलेलं नाक मोकळं होतच नाही, असा निष्कर्ष अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर 2023 मध्ये काढला. तेव्हा ज्याचा रक्तदाब जास्त आहे किंवा ठोके अनियमित आहेत, त्याने ते घ्यावंच कशाला, असं माझं स्पष्ट मत आहे. मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घाला, वाफ घ्या, आणि शिंकांसाठी एकट्या सिट्रिझिनबद्दल विचारा. क्लोरफेनिरामाइन-फेनिलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं आपल्या औषध नियंत्रकांनीही 2023 मध्ये बजावलं आहे.

सोबत काय चाललंय, हे मी महत्त्वाचं का म्हणते, ते एका ठरावीक चिठ्ठीवरून सांगते. घसा धरलाय, ताप आहे, खाज आहे, मळमळतंय. घशासाठी अझिथ्रोमायसिन. खाजेसाठी हायड्रॉक्सिझिन. मळमळीसाठी ऑनडॅनसेट्रॉन. आणि 'गॅसची गोळी' म्हणून पँटोप्राझोल-डोमपेरिडोन. यातली चार औषधं, अझिथ्रोमायसिन, हायड्रॉक्सिझिन, ऑनडॅनसेट्रॉन, डोमपेरिडोन, चारही क्यूटी लांबवू शकतात. पंचविशीतल्या धडधाकट मुलाला बहुधा काहीच होणार नाही. पण हेच चौघं साठीच्या, आधीच हृदयाची औषधं घेणाऱ्या बाईच्या पोटात एका दिवशी गेले तर जोखीम एकमेकांवर चढत जाते. फ्लुकोनाझोल, लेव्होफ्लॉक्सासिन, एसिटालोप्राम, हॅलोपेरिडॉल, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हीही याच यादीतली. ठोके नीट ठेवण्यासाठी दिलेलं अमिओडॅरोन आणि सोटॅलॉलसुद्धा क्यूटी लांबवतात. तज्ज्ञ ते हिशेबात धरूनच देतात, पण नाक्यावरून आणलेली खाजेची गोळी त्या हिशेबात नसते. वर्षानुवर्षं पँटोप्राझोलसारख्या गोळ्या घेतल्या तर रक्तातलं मॅग्नेशियम उतरू शकतं, आणि कमी मॅग्नेशियम हेही लय बिघडण्याचं एक कारण आहे. आपल्याकडे सकाळी उठल्याउठल्या गॅसची गोळी घेणारे किती आहेत, ते मी काउंटरवरून रोज बघते.

पोटॅशियमचंही तसंच. ते रक्तात कमी झालं की हर्गची वाट आणखी मंदावते, आणि ती अडवणाऱ्या औषधाचं आयतंच फावतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा 42-43 च्या पुढे जातो. अशा दिवसांत जुलाब-उलट्या झाल्या, त्यात बीपीसाठी क्लोरथॅलिडोन किंवा सूज उतरायला फ्रुसेमाइडची लघवीची गोळी चालू असली, तर पोटॅशियम झपाट्याने उतरतं. अशा माणसाने नेमकी त्याच आठवड्यात घामोळ्यांच्या खाजेसाठी हायड्रॉक्सिझिन घेणं मला धोक्याचं वाटतं. एरवी सोसणारी गोळी त्या आठवड्यात सोसेलच असं नाही. जुलाब लागले असतील तर ओआरएस आधी, आणि खाजेसाठी दुसरं काही. (मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र नारळपाणी, पोटॅशियमचं औषध असलं काही मनाने सुरू करू नये, त्यांना पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो.)

आणखी कोणी जपायचं? बायकांचा क्यूटी मुळातच थोडा लांब असतो, म्हणून पुरुषांपेक्षा त्यांना टॉर्साडचा धोका जास्त. नाडी फार मंद असणारे, हृदय अशक्त झालेले, यकृत बिघडलेले, म्हातारी माणसं. आणि एक गट असा, ज्याचा आपल्याला पत्ताच नसतो: जन्मतःच क्यूटी लांब असलेले लोक. साधारण दोन-अडीच हजारांत एकाला हा आनुवंशिक दोष असतो. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, कुणाला पोहताना किंवा दचकल्यावर शुद्ध जाण्याची सवय असेल, 'फिट' म्हणून वर्षानुवर्षं औषध चालू असेल पण झटके थांबत नसतील, तर त्या घरातल्या सगळ्यांचा एकदा ईसीजी काढून घ्यावा. खर्च फारसा नसतो, वेळ पाच-दहा मिनिटांचा.

अ‍ॅलर्जीच्या बऱ्याच औषधांच्या वेष्टनावर 'डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापलेली असते. 1945 च्या औषध नियमांतल्या जी परिशिष्टात ही औषधं येतात, म्हणून ती ओळ बंधनकारक आहे. ती कुणी वाचत नाही याचं मला वाईट वाटतं, पण ती वाचून घाबरून लागू पडलेली गोळी मनानेच बंद करणंही बरोबर नाही. हृदयाचं औषध तर अजिबात नाही. घशाला सूज येऊन श्वास कोंडत असेल, तर तिथे कुठल्याच अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबू नका. तेव्हा अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं आणि त्यासाठी दवाखानाच गाठावा लागतो.

नवी गोळी सुरू केल्यावर छातीत फडफड झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा माणूस काही पूर्वसूचना न देता कोसळला, तर ते उन्हामुळे झालं असं धरून चालू नका. टॉर्साडमध्ये मेंदूला रक्त न मिळाल्याने हातपाय आखडतात, म्हणून बघणाऱ्याला ती फिट वाटते आणि कांदा हुंगवण्यात, चप्पल नाकाशी धरण्यात मोलाची मिनिटं जातात. 108 ला फोन करा. हाक मारून प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबत राहा, रुग्णवाहिका येईपर्यंत. दवाखान्यात पोचल्यावर शिरेतून मॅग्नेशियम देतात, रक्तातलं मॅग्नेशियम ठीक असलं तरीही. पोटॅशियम भरून काढतात आणि जबाबदार औषध थांबवतात. पण जबाबदार औषध कुठलं, हे डॉक्टरांना तुमच्याकडूनच कळणार. म्हणून घरातून निघताना फ्रिजवरच्या, उशाखालच्या, पाकिटातल्या, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, अर्धवट कापलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून सोबत न्या आणि शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा. पट्टीचा नाव असलेला तुकडा आधी कापून वापरू नये, एवढं मी प्रत्येकाला सांगत असते. रिकामी पट्टी चालते, नाव मात्र हवं.